सर्किटचा शेजारधर्म

वेल्समधल्या अबेरहोसन नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड कोसळायचं. कंपनीने केबल बदलून पाहिल्या, उपयोग शून्य. शेवटी 2020 मध्ये अभियंते स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन भर पावसात पहाटेच गावात फिरले. सातच्या ठोक्याला एका घराच्या बाजूने विद्युत गोंगाट उसळलेला त्यांना पडद्यावर दिसला. घरात एक जुना, सेकंडहँड टीव्ही होता आणि तो रोज त्याच वेळी लागत असे. टीव्हीत घरच्यांना काहीच बिघाड जाणवला नव्हता. फक्त तो लावला की गावाचं इंटरनेट जायचं.

यंत्र आपलं काम चोख करतं, पण शेजाऱ्याला जगू देत नाही, किंवा शेजाऱ्याच्या आवाजाने स्वतःच कोलमडतं, या दोन्ही दुखण्यांचा विचार करणाऱ्या शास्त्राला ईएमसी, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगतता, म्हणतात. दुसऱ्या दुखण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलाय. टूजीच्या काळात कॉम्प्युटरच्या स्पीकरजवळ मोबाइल ठेवला की रिंग वाजायच्या आधीच स्पीकर 'टिडिक्-टिडिक्-डर्रर्र' करायचा. टूजी फोन बोलताना सेकंदाला सुमारे 217 वेळा झटके देत प्रक्षेपण करतो. स्पीकरची वायर आपसूक अँटेना बनते, आत अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर त्या झटक्यांमधून ऐकू येण्याजोगा सूर गाळून काढतो आणि आपण फोनला शिव्या घालतो. वास्तविक फोनने नियमाप्रमाणेच प्रक्षेपण केलेलं असतं. कच्चा असतो तो स्पीकर.

म्हणून ईएमसीच्या चाचण्या दोन अंगांनी होतात. यंत्र किती गोंगाट करतं हे एक, आणि बाहेरचा किती गोंगाट सोसतं हे दुसरं. पहिल्या अंगाची चिंता फार जुनी आहे. रेडिओ घराघरांत शिरू लागला आणि मोटारी, ट्राम, लिफ्ट यांची खरखर त्यात घुसू लागली, तेव्हा मोजण्याच्या समान पद्धती ठरवण्यासाठी 1934 मध्ये पॅरिसमध्ये 'सिस्पर' ही आंतरराष्ट्रीय समिती बसली. आजही जगभरच्या मर्यादांचे आकडे बहुतांशी तिच्याच मानकांवरून येतात.

अमेरिकेत कॉम्प्युटरसाठी अशा मर्यादा घालायची वेळ आली ती घरगुती कॉम्प्युटरमुळे. सत्तरच्या दशकातला टीआरएस-80 हा कॉम्प्युटर इतका गोंगाट करायचा की त्याला ध्वनीची सोय नसतानाही गेम लिहिणाऱ्यांनी शक्कल लढवली: शेजारी एएम रेडिओ ठेवा, कॉम्प्युटरच्या खरखरीतूनच गेमचे आवाज येतील. हौशी लोकांना मजा वाटली, पण टीव्ही पाहणाऱ्या शेजाऱ्यांना नाही. 1979 मध्ये एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाने डिजिटल उपकरणांसाठी मर्यादा घातल्या आणि 1981 च्या सुरुवातीला त्या कॉम्प्युटरच्या पहिल्या मॉडेलची अमेरिकेतली विक्री थांबली. युरोपने 1989 मध्ये निर्देश काढला आणि 1 जानेवारी 1996 पासून तो सक्तीचा केला. सध्या तिथे 2014 चा निर्देश लागू आहे. गंमत म्हणजे ईएमसीपुरतं बोलायचं तर मालावरची सीई ही युरोपीय अनुरूपतेची खूण उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावू शकतो, सरकारी शिक्का लागत नाही. पण तपासणीत माल पकडला गेला तर कागदपत्रं त्यालाच दाखवावी लागतात.

मर्यादा किती कडक? घरगुती वापराच्या उपकरणाने 30 ते 230 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 10 मीटर अंतरावर मीटरमागे साधारण 32 मायक्रोव्होल्टच्या वर क्षेत्र निर्माण करायचं नाही. एवढं क्षीण मोजायचं तर बाहेरचे एफएम आणि मोबाइल टॉवर आधी बंद करायला हवेत. ते शक्य नाही, म्हणून चेंबर बांधतात: पोलादी खोली, भिंतींना आतून फेराइटच्या फरश्या आणि कार्बन मुरवलेले फोमचे सुळके. मधोमध फिरतं टेबल, त्यावर उपकरण. समोर अँटेना 1 ते 4 मीटर वर-खाली होते. बाहेर बसलेला इंजिनिअर पडद्यावरच्या रेषेकडे बघत असतो. रेषेतली काटेरी टोकं मर्यादेच्या खाली राहिली तर चहा, एखादं वर गेलं तर पुढचा आठवडा त्यातच जातो.

फेल झाल्यावर जे सुरू होतं ते पाहण्यासारखं असतं. कोणी केबलवर फेराइटची चिमटी अडकवतो, कोणी झाकणाच्या फटीला तांब्याची पट्टी चिकटवतो, कोणी स्क्रूखालचा रंग खरवडतो, कारण रंगामुळे झाकण आणि डबा यांचा विद्युत संपर्कच होत नव्हता. कधी एवढ्याने भागतंही. पण चेंबरचं भाडं तासावर चढत असतं, माल पाठवायची तारीख जवळ आलेली असते आणि प्रत्येक फेराइट नगामागे खर्च वाढवतो. माझ्या मते या धावपळीचं मूळ चेंबरमध्ये नसून कॉलेजच्या वर्गात आहे.

ई अँड टीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या, मुलाला आपण शिकवतो की करंट कमीत कमी रोधाच्या वाटेने परत येतो. कमी वारंवारतेला ते खरं आहे. मेगाहर्ट्झच्या घरात गेलं की परतीचा करंट कमीत कमी इंडक्टन्सची वाट धरतो, म्हणजे पीसीबीवर सिग्नलची वाट जिथून गेली तिच्या बरोबर खालून, ग्राउंडच्या थरातून. सर्किट डायग्रामवर ग्राउंडची तीन आडव्या रेघांची खूण काढली की ही परतीची वाट अदृश्य होते. मग बोर्ड आखताना जागा वाचवायला ग्राउंडच्या थरात एक चीर पडते आणि तिच्यावरून क्लॉकचा सिग्नल जातो. परतीच्या करंटला त्या चिरेला वळसा घालावा लागतो. वळशाने वेटोळं मोठं होतं आणि मोठं वेटोळं म्हणजे अँटेना. त्याच बोर्डाला मीटरभर केबल जोडली असेल तर साधारण 75 मेगाहर्ट्झला ती पाव तरंगलांबीची होते आणि बोर्डावरचा गोंगाट मोठ्या उत्साहाने बाहेर फेकते. बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या हेन्री ऑट यांनी 1976 च्या पुस्तकापासून जन्मभर हाच धडा अभियंत्यांकडून गिरवून घेतला. आजही ईएमसीच्या कुठल्याही चांगल्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस परतीच्या करंटवरच जातो. सूत्रं त्यामानाने थोडी असतात.

आपल्याकडे नियम तुकड्यातुकड्यांनी आले. वाहनांसाठी एआयएस-004 चा तिसरा भाग आहे आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत त्याच्या चाचण्या होतात. दूरसंचार उपकरणांना 2017 च्या नियमांनुसार प्रमाणपत्र सक्तीचं झालं, 2019 पासून ते टप्प्याटप्प्याने लागू होतंय आणि त्यात ईएमसीची चाचणी आहे. टीआयएफआरमधल्या मायक्रोवेव्ह विभागातून वाढून 1984 मध्ये स्वतंत्र झालेली 'समीर' ही संस्था चाचण्याही करते आणि प्रशिक्षणही देते. पण अ‍ॅडॅप्टर आणि एलईडी दिव्यांवर जी बीआयएसची सक्तीची नोंदणी असते, तिचा भर विजेचा धक्का आणि आग यांपासून सुरक्षिततेवर आहे. स्वस्त दिवा लावल्यावर एफएमवर खरखर वाढते ती तक्रार त्या शिक्क्याच्या कक्षेत येत नाही. ही पळवाट बुजवायला हवी.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत कठोर कसोटी जुन्नर तालुक्यात लागते. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी ही रेडिओ महादुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ती ऐकते साधारण 150 ते 1450 मेगाहर्ट्झ, म्हणजे आपली उपकरणं जिथे गोंगाट करतात नेमका तोच पट्टा. साधं गणित करून पाहा. वर सांगितलेल्या मर्यादेत अगदी काठावर बसणारं, पूर्ण कायदेशीर उपकरण 10 मीटरवर खगोलशास्त्राच्या मापात सुमारे 2 अब्ज जान्स्की भरतं. 10 किलोमीटरवर, मध्ये डोंगर नसेल असं धरलं, तरी 2 हजारांच्या आसपास उरतात. दुर्बिणीचं तोंड आकाशाकडे असल्याने प्रत्यक्ष त्रास बराच कमी होतो. तरीही जीएमआरटी ज्या दीर्घिका शोधते त्या जान्स्कीच्या हजाराव्या भागातल्या आणि त्याहून मंद असतात. सिस्परच्या मर्यादा शेजाऱ्याच्या रेडिओ-टीव्हीसाठी ठरल्या होत्या, दुर्बिणीचा विचार त्यांत नव्हता. त्यामुळे जीएमआरटीच्या लोकांना परिसरातल्या उद्योगांशी आणि वीज कंपनीशी सतत बोलत राहावं लागतं. खांबावरचा एखादा ठिणग्या मारणारा इन्सुलेटरही त्यांना पुरेसा त्रास देतो. पुणे-नाशिक रेल्वेच्या प्रस्तावित मार्गाला हरकत आली तीही याच काळजीपोटी.

ई अँड टीसी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. को-अ‍ॅक्सियल केबलच्या टोकाला सोलून बोटाएवढं वेटोळं करा, दुसरं टोक प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरला जोडा, तोही नसेल तर ऑसिलोस्कोपला. ग्राउंडच्या थरात चीर असलेला एक बोर्ड आणि अखंड थराचा एक बोर्ड, दोन्हींवरून मुलांना ते वेटोळं फिरवू द्या. याला चेंबर लागत नाही, अभ्यासक्रम समितीची मंजुरीही लागत नाही. येत्या सत्राच्या पहिल्या प्रॅक्टिकललाच लावा.