क्युबाला जायचं, पण कोणी?

मायामी विमानतळावर हवानाच्या विमानाची रांग पाटी न वाचताही ओळखता येते. प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून फुगलेल्या बॅगा, टीव्हीचे खोके, मधूनच एखादा टायर. बॅगांत दुधाची पावडर, तांदूळ, रक्तदाबाच्या गोळ्या, लहान मुलांचे बूट. रांगेतली बहुतेक माणसं पर्यटक नसतात. ती क्युबात जन्मलेली आणि आता फ्लोरिडात स्थायिक झालेली असतात. आईला, भावाला, नातवंडांना भेटायला निघालेली. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून क्युबाचा किनारा जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, साधारण मुंबई-पुण्याइतका. विमान आकाशात तासभरही नसतं.

क्युबाच्या प्रवासावरचे अमेरिकी निर्बंध सैल झाले तर काय होईल, ही चर्चा निघाली की वाराडेरोचा पांढरा किनारा, मोहितोचे ग्लास आणि पन्नाशीच्या दशकातल्या शेवरोले गाड्या हमखास हजर होतात. अमेरिकी पर्यटक येईल, डॉलर आणेल आणि देश बदलेल, असं हे गणित आहे. गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहिला तर त्या पर्यटकापेक्षा ही बॅगांची रांग क्युबाला अधिक हलवून गेली आहे.

आधी नियम समजून घेऊ, कारण तो मोठा चमत्कारिक आहे. आज अमेरिकी माणसाला क्युबात जायला बंदी नाही, तिथे पैसे खर्च करायला आहे. १९६३ सालच्या नियमावलीखाली हा कारभार चालतो तो अर्थखात्यातून. कुटुंबभेट, पत्रकारिता, संशोधन, धर्मकार्य, क्युबन जनतेला मदत अशी बारा कारणं मान्य आहेत, आणि त्यांपैकी एकात बसलात तर जाता येतं. निव्वळ पर्यटन हे कारण यादीत नाही. २००० साली अमेरिकी संसदेने कायदा करून त्याला कुलूप लावलं, त्यामुळे कोणताही राष्ट्राध्यक्ष फार तर या बारा खिडक्या कमी-जास्त उघडू शकतो. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाकडे अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर हाच नियम त्यांनाही लागू. भारतात राहणाऱ्या त्यांच्या भावाला मात्र नाही. कॅनडाच्या लोकांना तर कधीच नव्हता. क्युबात सर्वाधिक पर्यटक वर्षानुवर्षं कॅनडातूनच येत आले आहेत.

या खिडक्यांची उघडझाप सतत चालू असते. कार्टर यांनी १९७७ मध्ये निर्बंध उठवले, रेगन यांनी १९८२ मध्ये परत आणले. क्लिंटन यांनी सैल केले, धाकट्या बुश यांनी आवळले, ओबामांनी पुन्हा सैल केले, ट्रम्प यांनी पुन्हा आवळले, बायडेन यांनी २०२२ मध्ये थोडे उघडले.

त्यातलं २००४ सालचं आवळणं जरा थांबून पाहण्यासारखं आहे. बुश सरकारने ठरवलं की क्युबन अमेरिकी माणसाने तीन वर्षांतून एकदाच, तेही चौदा दिवसांसाठी, मायदेशी जावं. भेट फक्त आई-वडील, आजी-आजोबा, भावंडं, नवरा-बायको आणि मुलं-नातवंडं यांची. मावशी, आत्या, काका, चुलत-मावसभावंडं ही सरकारी व्याख्येत कुटुंबच नव्हती. ज्याला मावशीने वाढवलं त्याला मावशीकडे जाता येईना. आई आजारी म्हणून कोणी जाऊन आला आणि वर्षभरात ती गेली, तर अंत्यविधीचा रस्ता बंद. या कडक धोरणाचे मायामीतले खंदे पाठीराखे होते लिंकन आणि मारियो डियाझ-बालार्ट हे खासदार बंधू. त्यांची सख्खी आत्या मिर्ता ही फिडेल कॅस्ट्रोची पहिली बायको, म्हणजे कॅस्ट्रो एके काळचे त्यांच्या घरचे जावई. क्युबाचं राजकारण हे पुष्कळदा भाऊबंदकीचं राजकारण असतं, ते असं.

२००९ मध्ये ओबामांनी कुटुंबभेटीवरची ही बंधनं काढून टाकली आणि पैसे पाठवण्यावरचीही. त्यानंतर २०११ साली फिडेलचे भाऊ राऊल कॅस्ट्रो यांच्या सरकारने क्युबन नागरिकांना घरं विकण्या-घेण्याची परवानगी दिली आणि खासगी धंद्यांवरची मर्यादा वाढवली. पैसा कुठून येणार होता? सरकारी पगार महिन्याला वीस-पंचवीस डॉलर. मायामीच्या मामाने पाठवलेल्या किंवा बॅगेतून आणलेल्या पैशांवर हवानातल्या घरांना रंग लागला, वरची खोली पाहुण्यांसाठी सजली, पुढच्या दालनात टेबलं मांडून खानावळ सुरू झाली. पर्यटक आला तेव्हा तो उतरला याच खोलीत आणि जेवला याच खानावळीत.

यातून नवी विषमताही आली, आणि ती रंगाची आहे. क्रांतीनंतर आधी देश सोडला तो मुख्यतः गोऱ्या, सुखवस्तू क्युबनांनी. साहजिकच डॉलर आले ते त्यांच्या नातेवाइकांच्या घरी. कृष्णवर्णीय कुटुंबांकडे परदेशातला मामाही नव्हता आणि भाड्याने द्यायला वेदादो भागातला प्रशस्त बंगलाही. एका खोलीचं रात्रीचं भाडं म्हणजे शेजारच्या डॉक्टरच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास, हे चित्र समतेच्या नावाने उभ्या राहिलेल्या देशात दिसू लागलं.

१७ डिसेंबर २०१४ रोजी ओबामा आणि राऊल कॅस्ट्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली आणि पर्यटकांचा लोंढा खरोखरच सुरू झाला. २०१४ मध्ये तीस लाख पाहुणे होते, २०१८ मध्ये सत्तेचाळीस लाख. २०१६ च्या मे महिन्यात मायामीहून पहिली क्रूझ निघाली. तिच्यावरून वाद झाला तो याच रांगेतल्या माणसांवरून. क्युबात जन्मलेल्यांना समुद्रमार्गे परत यायला हवाना सरकारची मनाई होती. मायामीत आरडाओरडा झाला, खटले दाखल झाले आणि क्युबाने नियम बदलला. या सुगीचा चटका बाजारात बसला. खासगी खानावळींनी कांदा, लसूण, ढोबळी मिरची, लिंबं उचलायला सुरुवात केली आणि सामान्य माणसाला ती महाग झाली. २०१९ च्या जूनमध्ये ट्रम्प सरकारने क्रूझ जवळपास एका रात्रीत थांबवल्या, आणि बंदराबाहेर उभ्या असलेल्या गाडीवाल्यांचं गिऱ्हाईक गेलं.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतले अर्थतज्ज्ञ राफाएल रोमेऊ यांनी २००८ मध्ये मांडलं होतं की अमेरिकेचं दार पूर्ण उघडलं तर शेजारच्या बेटांना मिळणारं आयतं संरक्षण जाईल आणि क्युबाचा वाटा वाढेल, पण क्युबात तेव्हा येणारे काही बिगर-अमेरिकी पाहुणे इतरत्र वळतील. गणित पटण्यासारखं आहे. तरीही त्यानंतरच्या काळाने दाखवलं की नुसतं दार पुरत नाही. २०२३ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकमध्ये विमानाने ऐंशी लाखांवर प्रवासी उतरले, तर क्युबात सारे मिळून चोवीस लाख. कॅनडाच्या पर्यटकाला कोणी अडवलं नव्हतं. त्याला नकोसे झाले होते वीजकपात आणि न्याहारीच्या टेबलावरचा तुटवडा. अशा काळात लष्कराशी जोडलेल्या कंपन्या हवानात उंचच उंच हॉटेलं बांधत राहिल्या आणि बहुसंख्य खोल्या रिकाम्या राहिल्या. अमेरिकी धोरणाचा फटका मात्र युरोपातही बसला. जानेवारी २०२१ मध्ये क्युबाला दहशतवादाच्या पाठीराख्या देशांच्या यादीत घातल्यावर, क्युबा पाहून आलेल्या स्पेन-फ्रान्सच्या नागरिकाला अमेरिकेत जायला दूतावासात जाऊन व्हिसा काढणं भाग पडलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला जायचा बेत असणाऱ्याने क्युबाचा विचार सोडून दिला तर त्याला दोष कसा द्यायचा?

प्रवास सैल करणं हा एकेरी रस्ता नसतो, हे हवाना सरकार १९७९ मध्ये शिकलं. त्या वर्षी प्रथमच निर्वासितांना भेटीला येऊ दिलं आणि सुमारे एक लाख माणसं आली. देशद्रोही म्हणून हिणवलेले हे लोक नवे कपडे, रेडिओ आणि मुलांसाठी खेळणी घेऊन उतरले. पुढच्या एप्रिलमध्ये हवानातल्या पेरूच्या दूतावासात दहा हजारांवर माणसं घुसली, आणि मारिएल बंदरातून काही महिन्यांत सव्वा लाख क्युबन होड्यांनी निघून गेले. हा केवळ भेटींचा परिणाम नव्हता, हे मान्य. पण मायामीतलं आयुष्य भिंतीपलीकडचं राहिलं नाही, ते बैठकीत येऊन बसलं.

क्युबाने आपलं दार उघडलं ते १४ जानेवारी २०१३ रोजी. त्या दिवसापासून बाहेर पडण्यासाठी सरकारी परवानगीपत्र लागेनासं झालं. पासपोर्टला मात्र चार-पाच महिन्यांचा पगार लागायचा. मग २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये निकाराग्वाने क्युबनांना व्हिसामाफी दिली, आणि तिथून जमिनीवरून उत्तरेकडे जायचा रस्ता खुला झाला. लोकांनी घरं विकून निकाराग्वाच्या राजधानीची, मानाग्वाची तिकिटं काढली. २०२२ आणि २०२३ या दोन आर्थिक वर्षांत अमेरिकेच्या यंत्रणांनी चार लाखांहून अधिक क्युबनांची नोंद केली. मारिएलच्या तिप्पट. जे घर मामाच्या डॉलरवर रंगवलं, तेच विकून भाचा निघाला.

म्हणून यापुढे निर्बंध सैल झाले तर पाहण्यासारखं हेच, की हे नवे लोक काय करतात. ते तरुण आहेत, त्यांचे आई-वडील आणि अनेकांची मुलं तिकडेच आहेत. साठच्या दशकात आलेल्यांसारखी परत न जाण्याची शपथ त्यांनी घेतलेली नाही. जुन्या नियमाप्रमाणे चोवीस महिने बाहेर राहणाऱ्याचे मायदेशातले हक्क जात. ही मुदत रद्द करणारा कायदा क्युबाच्या संसदेने जुलै २०२४ मध्ये मंजूर केला, म्हणजे सरकारलाही हे गेलेले लोक पूर्ण गेलेले नको आहेत. पण यांतल्या लाखो लोकांना सीमेवर आय-२२०ए नावाचा सुटकेचा कागद मिळाला आहे. त्यावर ग्रीन कार्ड मिळत नाही, आणि देशाबाहेर गेलं तर परत येता येत नाही. अर्थखात्याने उद्या बाराच्या बारा खिडक्या सताड उघडल्या तरी ही माणसं हवानाच्या रांगेत उभी राहू शकणार नाहीत. त्यांचा निकाल इमिग्रेशनच्या न्यायालयांत लागायचा आहे.