पोस्टकार्डावरचा नवा जपान

जपानमध्ये साधे पोस्टकार्ड १८७३ साली आले. खासगी छापखान्यांना चित्रकार्डे काढायची मुभा मात्र १ ऑक्टोबर १९०० पासून मिळाली. रशियाशी झालेल्या युद्धात (१९०४-०५) सरकारनेच स्मरणकार्डे काढली, तेव्हा ती मिळवण्यासाठी टपाल कचेऱ्यांपुढे झुंबड उडाली. दीड सेनचे तिकीट लावले की कार्ड देशात कुठेही जाई.

फुजी पर्वत आणि गेइशा यांची कार्डे परदेशी पाहुण्यांच्या आवडीची. पण त्या काळचा जपान खरा दिसतो तो दुसऱ्याच कार्डांत: १९०१ साली सुरू झालेला यावाताचा पोलाद कारखाना, १९१४ चे तोक्यो स्थानक, शाळा, इस्पितळे, पाणीपुरवठ्याची कामे. ओसाकाच्या सूतगिरण्यांची धुरांडी तर अभिमानाने मिरवली जात. या गिरण्यांना लागणाऱ्या हिंदुस्थानी कापसासाठीच १८९३ साली कोबे-मुंबई आगबोट सुरू झाली होती.

तोक्योच्या आसाकुसा भागातला ‘र्‍योउनकाकु’ हा बारा मजली मनोरा छायाचित्रकारांचा विशेष लाडका. विल्यम बर्टन या स्कॉटिश अभियंत्याने आखलेला हा मनोरा १८९० मध्ये खुला झाला. खालचे दहा मजले विटांचे, अष्टकोनी. वरचे दोन लाकडी. जपानमधली पहिली विजेची लिफ्ट इथलीच, पण धोकादायक ठरवून ती काही महिन्यांतच बंद करण्यात आली. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला आणि उरलेला लष्कराने सुरुंग लावून पाडला. तुटक्या मनोऱ्याचीही कार्डे निघाली, ती हातोहात खपली. एकाच वास्तूचा दिमाख आणि शेवट असा जोडीने सांगणारी साधने फार थोडी.

ही कार्डे बहुधा कोलोटाइप पद्धतीने छापत. काचेवरच्या प्रकाशसंवेदी जिलेटिनच्या थरावरून ठसा उमटे, त्यामुळे भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत नाही, बारीक सुरकुतलेला पोत दिसतो. काळ्या छपाईवर मग हाताने रंग भरत. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतींत आकाश एकीत निळे, तर दुसरीत गुलाबी सापडते.

चित्राचा विषय निवडायला छापखाना पूर्ण मोकळा नव्हता. तटबंदीच्या लष्करी क्षेत्रातल्या बंदरांच्या कार्डांवर लष्कराच्या परवानगीची ओळ छापावी लागे.

कार्डाचे वय ओळखायला पाठ पाहावी. सुरुवातीला त्या बाजूला फक्त पत्ता लिहायचा. १९०७ पासून एक तृतीयांश जागा मजकुराला मिळाली, १९१८ पासून निम्मी. विभागणारी रेघ कुठे आहे, त्यावरून कार्डाचा काळ बऱ्याच अंशी ठरवता येतो.