किडे कमी झाले, हे मोजलं कसं?

पावसाळ्याची पहिली सर आली की पूर्वी संध्याकाळी घरातले दिवे मालवावे लागत. ट्यूबलाइटखाली वाळवीच्या पंखांचा सडा पडे आणि आमटीत किडे पडू नयेत म्हणून लोक मिणमिणत्या उजेडात जेवणं उरकत. ‘आता कुठे राहिलेत तेवढे किडे?’ हे वाक्य मराठी घरांत इतक्यांदा कानावर येतं की ते सिद्धच झालंय असं वाटतं. पण या निरीक्षणातून जेवढं वाटतं तेवढं हाती लागत नाही. बऱ्याच कीटकांना अतिनील किरण दिसतात, आणि दिव्याकडे ओढले जाण्यात या किरणांचा मोठा वाटा असतो. जुन्या ट्यूबमधून आणि रस्त्यावरच्या पाऱ्याच्या दिव्यांतून ते थोडेफार बाहेर पडत. घरगुती एलईडीतून जवळजवळ पडतच नाहीत. शिवाय खिडक्यांना जाळ्या आल्या, अंगणातल्या गवताच्या जागी फरशी आली. मग किडे घटले की नुसते आपल्याकडे यायचे थांबले, हे ट्यूबकडे बघून कसं ठरवणार?

गाडीच्या काचेची गोष्टही अशीच. लांबच्या प्रवासानंतर काच पुसावी लागायची, आता लागत नाही, असं चालक सांगतात. मात्र गाडीचा आकार, वेग, रस्ता, दिवसाची वेळ यांतलं काहीच पूर्वीचं राहिलेलं नाही. डेन्मार्कमध्ये आंदर्स पापे म्योलर या शास्त्रज्ञानं मात्र हेच काम पद्धतशीर केलं. 1997 ते 2017 या काळात ठरलेल्या दोन रस्त्यांवर गाडी चालवायची, काचेवर आपटलेले कीटक मोजायचे आणि तापमान, वारा, वेळ यांचा हिशेब ठेवायचा. एका रस्त्यावर घट 80 टक्के भरली, दुसऱ्यावर 97 टक्के. आठवणीत आणि मोजमापात हाच फरक आहे: पद्धत तीच ठेवली तरच दोन वर्षांची तुलना करता येते.

या बाबतीत जगाला सर्वांत मोठा धक्का दिला तो जर्मनीतल्या क्रेफेल्ड या शहरानं. तिथे 1905 साली स्थापन झालेली कीटक अभ्यासकांची एक संस्था आहे. सभासदांत नोकरीपेशाचे शास्त्रज्ञ थोडे, हौशी अभ्यासक जास्त. संस्थेचा संग्रह एका जुन्या शाळेच्या इमारतीत ठेवलेला आहे. 1980च्या दशकात या मंडळींनी आसपासच्या राखीव निसर्गक्षेत्रांत एका विशिष्ट प्रकारचे सापळे लावायला सुरुवात केली. त्यांनी काय साधलं ते कळायचं, तर हा सापळा आधी नीट समजून घ्यायला हवा.

त्याचं नाव मालेझ सापळा. रेने मालेझ हा स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ 1934 मध्ये ब्रह्मदेशात कीटक गोळा करत होता. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता. त्याच्या लक्षात आलं की तंबूत शिरलेले किडे वर चढत जातात, छताच्या कोपऱ्यात जमतात आणि तिथे भोक असेल तर त्यातून निसटतात. मग त्यानं मुद्दाम तसा तंबूच शिवून घेतला. मधोमध गडद जाळीची उभी भिंत, वर पांढरं छत, आणि ते छत एका टोकाकडे चढत गेलेलं. उडता किडा भिंतीला अडला की सहसा खाली जात नाही, उजेडाच्या दिशेनं वर सरकतो. छताच्या उतारानं तो आपोआप सर्वांत उंच टोकाला पोचतो आणि तिथे लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. यात दिवा नाही, आमिष नाही, वास नाही. जो त्या वाटेनं उडत आला तो सापडला, एवढंच. बोलावून आणायची भानगड नसल्यामुळे ट्यूब आणि एलईडीसारखा घोळ इथे होत नाही.

क्रेफेल्डकरांचा खरा कस लागला तो शिस्तीत. सापळ्याची मापं ठरलेली, कापड ठरलेलं, मांडणी ठरलेली. वसंतापासून शरदापर्यंत ठरावीक दिवसांनी बाटली बदलायची. पकडलेले कीटक एकेक करून ओळखणं अशक्यच होतं, कारण एका बाटलीत हजारो जीव असतात आणि त्यांतल्या बारीक माश्या, गांधीलमाश्यांच्या कुळातले परजीवी, चिलटं ओळखू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून त्यांनी वजन करायचं ठरवलं. वजन, पण कसं? ओल्या किड्यांच्या अंगावर अल्कोहोल असतं आणि वाळवले तर नमुना पुढच्या अभ्यासाला निकामी होतो. त्यांची रीत अशी: बाटली बारीक चाळणीवर रिकामी करायची, चाळण तिरपी धरायची आणि थेंब गळताना बघत बसायचं. दोन थेंबांमधलं अंतर पहिल्यांदा दहा सेकंदांपेक्षा जास्त झालं की त्या क्षणी वजन घ्यायचं. नियम एवढा साधा की कोणत्याही सभासदानं, कोणत्याही वर्षी केला तरी निकाल तुलनेला चालतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आदर या दहा सेकंदांबद्दल वाटतो. असे 1,503 नमुने जमले. त्यांचं एकूण वजन साधारण साडेत्रेपन्न किलो भरलं.

1989 मध्ये ज्या जागी सापळे लावले होते, अशा एका राखीव क्षेत्रात संस्थेचे लोक 2013 मध्ये परत गेले. वजन जवळपास 80 टक्क्यांनी कमी आलं. एखादं वर्ष वाईट असू शकतं, म्हणून 2014 मध्ये पुन्हा मोजलं. आकडा तितकाच खाली. मग नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचे संशोधक कास्पार हालमान आणि त्यांचे सहकारी आकडेमोडीला पुढे आले. 63 राखीव क्षेत्रं, 1989 ते 2016 असा 27 वर्षांचा काळ. ऑक्टोबर 2017 मध्ये निबंध छापून आला: उडणाऱ्या कीटकांचं वजन हंगामभरात सरासरी 76 टक्क्यांनी घटलं होतं, आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे कीटक सर्वाधिक असायला हवेत तेव्हा, 82 टक्क्यांनी.

या आकड्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. 63 पैकी 37 जागी फक्त एकाच वर्षी मोजणी झाली होती. 20 जागी दोन वर्षं, पाच जागी तीन, एका जागी चार. म्हणजे एकाच ठिकाणची अखंड रेघ नाही. वेगवेगळ्या जागांचे आकडे हवामान, झाडोरा, हंगाम यांचा हिशेब लावून गणितानं जुळवलेले आहेत. ज्या 26 जागी एकाहून जास्त वर्षं मोजणी झाली, त्यांनीही घटच दाखवली, म्हणून निष्कर्ष टिकला. दुसरी मर्यादा वजनाची. एक जाडा भुंगा कित्येक चिलटांइतका भरतो, आणि कोणती जात गेली, कोणती राहिली हे तराजू सांगत नाही. जगभरच्या 1,676 जागांचे आकडे एकत्र करून 2020 मध्ये निघालेला अभ्यास तर आणखी गुंतागुंतीचं चित्र मांडतो: जमिनीवरचे कीटक दर दशकाला सुमारे 9 टक्क्यांनी घटत आहेत, गोड्या पाण्यातले मात्र सुमारे 11 टक्क्यांनी वाढले आहेत. अनेक देशांत नद्या पूर्वीपेक्षा स्वच्छ झाल्या, हे त्याचं एक संभाव्य कारण. ‘सगळे कीटक संपत आले’ असं म्हणणं म्हणूनच चूक आहे. पण 9 टक्के ही घटही हलकी नाही. त्या गतीनं तीस वर्षांत चौथाई कीटक जातात.

घट का झाली, यावर एकमत नाही. 2023 मध्ये काही संशोधकांनी लहरी हवामानाकडे बोट दाखवलं, इतरांनी ते गणित मान्य केलं नाही. एक धागा मात्र थेट त्या बाटल्यांतूनच मिळाला. कीटक ज्या अल्कोहोलमध्ये बुडलेले असतात, त्यात त्यांच्या अंगावरची रसायनंही उतरतात. जर्मनीतल्या 21 राखीव क्षेत्रांतलं हे अल्कोहोल तपासलं, तेव्हा एकूण 47 शेती-औषधं सापडली, आणि दर जागी सरासरी सोळा-सतरा. हा निबंध 2021 चा. राखीव क्षेत्राला कुंपण असलं तरी किडा शेजारच्या शेतात जातो-येतो आणि फवारणी अंगावर घेऊन परततो. 2019 मध्ये जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात मधमाश्या वाचवण्यासाठी जनतेनं कायद्याची मागणी केली, तेव्हा साडेसतरा लाखांच्या आसपास मतदारांनी प्रत्यक्ष जाऊन सह्या दिल्या. क्रेफेल्डच्या आकड्यांनी त्याआधीच देश ढवळून काढला होता.

आपल्याकडे अशा दीर्घ नोंदी फार थोड्या आहेत. कीटक आपल्याकडे कमी नाहीत, हौशी अभ्यासकही नाहीत असं नाही. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं केलेली मोजणी मात्र फारशी नाही. त्यासाठी मालेझ सापळाच हवा असं नाही, किडे मारायलाही नकोत. ब्रिटनमध्ये 1976 पासून फुलपाखरं मोजतात ती चालत. एक ठरलेली वाट, हंगामात दर आठवड्याला एक फेरी, ऊन असलेला दिवस, आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर व पुढे पाच मीटर एवढ्याच हद्दीत दिसलेली फुलपाखरं वहीत. हद्दीबाहेर कितीही सुंदर फुलपाखरू दिसलं तरी ते मोजायचं नाही.

शाळेच्या मागची पायवाट, सोसायटीची बाग, शेताचा बांध, कुठलीही एक जागा निवडा. पहिल्या पानावर वाटेची लांबी, हद्द आणि वेळ लिहून ठेवा आणि नंतर त्यात बदल करू नका. दर फेरीला तारीख, ऊन-ढग, वारा आणि आकडा लिहा. ज्या दिवशी एकही फुलपाखरू दिसणार नाही, त्या दिवशी शून्य लिहा. पान कोरं सोडू नका. आणि वही अशा माणसाच्या हाती द्या, जो तुमच्यानंतरही त्याच वाटेनं चालेल.