शालेय कारभार-व्यवस्थापन : शिकाऊ उमेदवारी
शाळेचे अंदाजपत्रक, हिशेब, शिक्षकेतर कर्मचारी, खरेदी, कंत्राटे व इमारतींची देखभाल हा कारभार सांभाळण्याचे, पगारी नोकरीत राहून घ्यावयाचे प्रशिक्षण. इंग्लंडमध्ये त्याला व्यवस्थित रूप मिळाले. अध्यापन हा या व्यवस्थापकाच्या कामाचा भाग नसतो; तथापि अध्यापनास लागणारा पैसा, जागा व माणसे वेळेवर मिळणे बव्हंशी त्याच्यावर अवलंबून असते.

इंग्लंडमधील खाजगी शाळांत ‘बर्सर’ हे पद जुने आहे. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शाळांत मात्र खर्चाचे बहुतेक निर्णय स्थानिक शिक्षण प्राधिकरणे घेत. १९८८ च्या शिक्षण सुधारणा अधिनियमाने अंदाजपत्रकाचा मोठा भाग शाळांच्या नियामक मंडळांकडे सोपविला. २०१० नंतर स्थानिक प्राधिकरणांच्या नियंत्रणाबाहेरील ‘अकॅडमी’ शाळा झपाट्याने वाढल्या. परिणामी, पत्रव्यवहार व किरकोळ रोकड पाहणाऱ्या कचेरीवर फार मोठ्या रकमांची जबाबदारी आली. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल कॉलेज फॉर स्कूल लीडरशिप’ या संस्थेने या कामासाठी प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रम चालविले.

एप्रिल २०१७ मध्ये शिकाऊ उमेदवारी कर लागू झाला. वार्षिक वेतनखर्च ३० लक्ष पौंडांहून अधिक असणाऱ्या नियोक्त्यांना त्यावरील वेतनखर्चाच्या अर्धा टक्का कर द्यावा लागे. प्राधिकरण हेच नियोक्ता असलेल्या लहान शाळांचे वेतनही प्राधिकरणाच्या एकूण खर्चात धरले जाई. पुढे शालेय कारभारासाठी चौथ्या स्तराचे, म्हणजे उच्च शिक्षणाच्या प्रथम वर्षाशी समकक्ष, उमेदवारी मानक ठरले. वयाची वरची मर्यादा नसल्याने कचेरीत आधीपासून काम करणाऱ्यांनाही त्याचा लाभ घेता आला.

हे काम वर्गात बसून पुरते समजत नाही, कारण ते शाळेच्या वर्षाबरोबर फिरते. ऑक्टोबरमधील एका ठरावीक गुरुवारी पटगणना होते आणि पुढील वर्षाचे अनुदान मुख्यतः तीवर ठरते. दर मुलामागे ५,००० पौंड धरल्यास सहा मुले घटली की ३०,००० पौंड कमी होतात. ही मुले निरनिराळ्या वर्गांतील असली, तर शिक्षक मात्र तेवढेच लागतात. ही तूट कोठून भरून काढावी, दुरुस्ती पुढे ढकलावी की साहाय्यकाची जागा रिकामी ठेवावी, याचा हिशेब उमेदवार अनुभवी व्यवस्थापकाशेजारी बसून शिकतो. प्राधिकरणाच्या शाळांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला, तर अकॅडमींचे ३१ ऑगस्टला संपते.

योजनेतील खरी अडचण वेळेची आहे. कराचा निधी प्रशिक्षण व मूल्यमापन यांवरच खर्च करता येई, वेतनावर नाही. २०२२ मध्ये पूर्णवेळ उमेदवारासाठी नित्याच्या कामापासून अलग अशा शिक्षणाचे आठवड्यास सरासरी किमान ६ तास ठरविण्यात आले. मोठ्या अकॅडमी-समूहात ते सहज निघतात. कचेरीत एकच व्यक्ती असलेल्या प्राथमिक शाळेत दूरध्वनी, दारावरचे पालक व मालाची पावती सोडून अभ्यासास बसणे कठीण जाते. शिवाय शेजारी बसून शिकविणारा तेथे कोणी नसतो.

ऑगस्ट २०२५ पासून शिकाऊ उमेदवारीचा किमान कालावधी सर्वसाधारणपणे १२ महिन्यांवरून ८ महिन्यांवर आणला गेला. एवढाच काळ धरल्यास सप्टेंबरमध्ये अकॅडमीत रुजू झालेला उमेदवार पटगणना पाहील. त्या आर्थिक वर्षाची अखेर मात्र त्याच्या उमेदवारीच्या काळात येणार नाही.