काळ्या रानातली पाणंद पावसाळ्यात का रुतते?



पीक चांगले आले, भावही बरा आहे, पण माल रानातून सडकेपर्यंत न्यायचा कसा? काळ्या जमिनीच्या गावात हा प्रश्न दर पावसाळ्याला उभा राहतो. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हापासून बरीच गावे पक्क्या सडकेला जोडली गेली. पण गावापासून शिवारापर्यंतची पाणंद अजून बऱ्याच ठिकाणी चिखलाचीच आहे. दुधाची किटली डोक्यावर आणावी लागते, तोडलेली भाजी बांधावर सडते. वस्तीवर कोणी आजारी पडले, तर त्या माणसाला बाजेवर घालून आणण्याची पाळी येते.

“आम्ही दर दोन वर्षांनी मुरूम टाकतो, तरी श्रावणात ट्रॅक्टर रुततोच. मुरूम जातो तरी कुठे?” असे शेतकरी नेहमी विचारतात. मुरूम कुठे जात नाही. तो खालच्या काळीत बुडतो. तो का बुडतो आणि तो बुडू नये म्हणून काय करावे, ते या पत्रकात पाहू.

काळीचा स्वभाव

आपली काळी जमीन काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाऊस पडला की पानांच्या मधे पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडून गेले की ती आकसते, आणि हात आत जाईल अशा भेगा पडतात. पिकाला हा गुण फायद्याचा आहे, कारण ओल धरून ठेवणारी हीच माती रब्बीची ज्वारी पिकवते. रस्त्याला मात्र हाच गुण बाधतो. कोरडी असताना जी काळी दगडासारखी टणक, तीच भिजली की लोण्यासारखी मऊ होते.

अभियंते हे आकड्यात मोजतात. रस्त्याखालची माती साच्यात दाबतात, ४ दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग तिच्यात एक लोखंडी दांडा रेटून पाहतात. उत्तम खडी जितका जोर सोसते, त्याच्या किती टक्के जोर ही माती सोसते, ते त्यातून कळते. याला सी.बी.आर. चाचणी म्हणतात. भिजलेली काळी यात बहुधा २ ते ४ टक्क्यांवरच थांबते. म्हणून काळीवरचा रस्ता हा भिजलेल्या काळीचा हिशेब धरूनच बांधावा लागतो. उन्हाळ्यात तो कसा दिसतो यावर जाऊ नका.

घरी करून बघा

आपली माती किती फुगते हे कळायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. माती वाळवा, कुटा आणि बारीक कापडातून चाळून घ्या. सारख्या आकाराच्या दोन उभ्या काचेच्या बरण्यांत दोन-दोन चमचे माती टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपटीहून उंच दिसला, तर ती माती रस्त्याच्या भरावाला वापरू नये. सरकारी कामातही साधारण हीच मर्यादा धरतात. रॉकेल चुलीपासून आणि लेकरांपासून दूर ठेवा, आणि त्या बरण्या पुन्हा खाण्यापिण्याला घेऊ नका.

मुरमाची टाकी करू नका

पुष्कळ गावांत पाणंद करताना काळीत खड्ड्यासारखा चर खणतात आणि त्यात मुरूम भरतात. दोन्ही कडांना काळीच्या भिंती राहतात. मुरमातून पाणी सहज खाली जाते, पण काळीतून बाहेर पडत नाही. म्हणजे रस्त्याखाली पाण्याची टाकीच तयार होते! तळची काळी दिवसरात्र भिजत राहते, वरून चाक गेले की मुरूम खाली आणि चिखल वर. मोठे दगड थेट काळीवर टाकले तरी हेच होते. दगडांच्या फटींतून चिखल वर येतो.

यावर उपाय असा, की रस्ता शेजारच्या रानापेक्षा उंच घ्यावा आणि मुरूम दोन्ही कडांच्या चारीपर्यंत पसरावा. मग मुरमात शिरलेले पाणी कडेने झिरपून चारीत उतरते. चारीचा तळ मुरमाच्या तळापेक्षा निदान एक फूट खाली असावा, आणि चारी पुढे नाल्याला मिळाली पाहिजे. जिला तोंड नाही, ती चारी म्हणजे नुसते डबके.

वाफसा रस्त्यालाही लागतो

वाफसा तुम्हाला सांगायला नको. फार ओले रान नांगरले तर ढेकळे निघतात, फार कोरडे असले तर फाळ शिरत नाही. मातीकामातही तसेच आहे. अमेरिकेत धरणांच्या मातीकामावरचे एक अभियंता आर. आर. प्रॉक्टर यांनी १९३३ साली दाखवून दिले, की प्रत्येक मातीला ओलीचे एक ठरावीक प्रमाण असते. त्या ओलीवर दाबली तरच ती सर्वांत घट्ट बसते. कोरडी माती दाबली तर आत पोकळ्या राहतात. फार ओली दाबली तर ती गादीसारखी हलते.

परीक्षा सोपी आहे. मूठभर माती दाबून गोळा करा. गोळा टिकला आणि हाताला चिखल लागला नाही, तर रोलर फिरवायला हरकत नाही. रानात वाफशावर गाडी घालू नका असे आम्ही सांगतो, कारण जमीन घट्ट होते. रस्त्याला तीच घट्टपणाची गरज आहे.

काम कसे करावे

दिवाळीनंतर, रानात थोडी ओल असतानाच काम धरावे. मे महिन्यात भेगाळलेल्या काळीवर मुरूम टाकला तर तो भेगांत जातो.

१. वरची चार-सहा इंच माती उकरा, ढेकळे फोडा, पाणी शिंपडा, आणि वाफशावर रोलर फिरवा. दोन्ही बाजूंच्या चाऱ्या याच वेळी काढा.

२. मुरूम एका वेळी फार जाड टाकू नका. दाबल्यावर १५ सें.मी.पेक्षा जास्त थर नको. पाणी मारून दाबा, मगच दुसरा थर. रोलर नसेल तर थर आणखी पातळ ठेवा आणि भरलेली ट्रॉली पूर्ण रुंदीत सरकवत फिरवा. एकाच चाकोरीतून नव्हे.

३. मधोमध रस्ता कडेपेक्षा चार बोटे उंच ठेवा, म्हणजे पाणी थांबणार नाही.

४. ओघळ आडवा येतो तिथे मोरी घाला. पाइपावर निदान दोन फूट भराव हवा, नाहीतर ट्रॉलीखाली पाइप फुटतो.

मुरमाचा हिशेब असा : १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सें.मी. दाबलेल्या थराला सुमारे १६ ब्रास लागतात. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून २० ब्रास धरा. मुरूम उचलण्याआधी तहसील कार्यालयातून परवाना घ्यावा.

मुरूम फार लांबून आणावा लागत असेल, तर चुन्याचा विचार करा. चोपण जमिनीत आपण जिप्सम घालतो. त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो आणि माती मोकळी होते. चुनाही काळीच्या कणांवर असाच काम करतो, चिकटपणा आणि फुगणे कमी होते. वाळलेल्या मातीच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के चुना लागतो. नेमके प्रमाण मात्र मातीची चाचणी करून अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून डोळे, नाक, हात झाकूनच काम करा.

ओझ्याचा हिशेब

अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास चाचणीसाठी बांधलेल्या सडकांवर मालमोटारी चालवून पाहिल्या. आसावरचे ओझे दुप्पट झाले तर सडकेचे नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होते, असे त्यातून निघाले. ती पक्क्या सडकांची गोष्ट. आपल्या पाणंदीला तर जास्तच जपायला हवे. उसाच्या दोन ट्रॉल्या ठासून भरून भिजल्या पाणंदीवरून नेल्या, तर एका खेपेत वर्षाची मेहनत जाते. मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस जड वाहने थांबवण्याचा ठराव गावाने करावा.

आणि शेवटचे, पण मोलाचे

पाणंद बिघडते ती बहुधा चारी बुजल्यामुळे. नांगरताना कोणी एक तास चारीत घालतो, कोणी उसाचे जादा पाणी पाणंदीवर सोडतो. एक तास रान वाढते, पण त्या चारीवाचून वरच्या दहा जणांचा माल अडकतो, आणि त्या दहांत आपणही असतो. मृगाआधी प्रत्येकाने आपल्या बांधापुरती चारी साफ केली, तर घरटी एक-दोन दिवसांचे काम आहे.

लक्षात ठेवा : आधी पाणी काढा, मग माती दाबा, मग मुरूम टाका. हा क्रम उलटा केला तर पैसा काळीत जातो.