लांबलचक अमेरिकी मोटारींचे मोल

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस वर्षांत अमेरिकेत तयार झालेल्या ‘फुल-साइझ’ वर्गातील मोटारगाड्या, म्हणजे सहा माणसे ऐसपैस बसतील अशा, साधारण साडेपाच मीटर लांबीच्या, दोन टनांच्या आसपास वजनाच्या आणि बहुधा आठ सिलिंडरांचे इंजिन असलेल्या गाड्या, आज जगभरच्या संग्राहकांत मानाच्या मानल्या जातात. तरीही त्यांतील एखाद्या गाडीला लिलावात लाखाहून अधिक डॉलर मिळतात आणि तेवढीच लांब, तेवढीच आरामदायी दुसरी गाडी एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या किमतीतही उचलली जात नाही. या तफावतीचा उलगडा करायचा तर स्प्रिंगांचे भौतिकशास्त्र, गंजाचे रसायनशास्त्र आणि एका पिढीच्या आठवणी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

या गाड्यांचे पहिले आकर्षण त्यांच्या चालीत आहे आणि त्या चालीमागे मोठे संशोधन आहे. स्प्रिंगवर टेकलेल्या कोणत्याही वस्तूला धक्का दिला की ती एका ठरावीक गतीने खालीवर होते. या गतीला नैसर्गिक वारंवारता म्हणतात, आणि स्प्रिंग जितकी मऊ व वस्तू जितकी जड, तितकी ही वारंवारता कमी असते. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी आंदोलने सर्वांत जाचक वाटतात, कारण त्या टप्प्यात छाती-पोटातील अवयव स्वतःच हादऱ्याला साथ देऊ लागतात; याउलट सेकंदाला एकाच्या आसपास आंदोलन होत असेल तर ते शरीर सहज सोसते. रोल्स-रॉइस सोडून १९३० साली कॅडिलॅकमध्ये आलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी हा प्रश्न प्रयोगांनी सोडवला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवल्या, तर रस्त्यावरचा उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागला तरी मागची बाजू जलद डोलून पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी पुढेमागे झुलण्याऐवजी सपाट राहून वरखाली होते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र पुढची दोन चाके एकाच कडक आसाला जोडलेली असताना स्प्रिंगा इतक्या मऊ ठेवता येत नव्हत्या. म्हणून कॅडिलॅकची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग दिली, आणि पुढील चार दशकांतील अमेरिकी आरामाचा पाया तिथे घातला गेला.

गाडीच्या आकाराचा संबंधही याच शास्त्राशी आहे. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते जितके जास्त तितका एकाच खड्ड्याने गाडीला बसणारा झोल कमी. आणि स्प्रिंगांवर तोललेले वजन चाके व आस यांच्या वजनाच्या मानाने जितके मोठे, तितकी चाकांची उडी प्रवाशापर्यंत कमी पोहोचते. लांब, जड गाडी म्हणूनच मऊ चालते. या मऊपणाची किंमत वळणावर आणि ब्रेक लावताना मोजावी लागे, कारण गाडी कुशीवर कलत असे, आणि ड्रम ब्रेक लागोपाठ वापरले की तापून दुबळे पडत. आजच्या मालकाने या गाड्या चालवताना हे विसरून चालत नाही.

दुसरे आकर्षण आवाजाचे. आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात बसवलेल्या इंजिनाला व्ही-८ म्हणतात. पिस्टनांची खालीवर हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, कॅडिलॅकने १९२३ साली अशा रीतीने घडवला की त्याचे चार बाक एकमेकांशी काटकोनात येतात. त्यामुळे इंजिनाची थरथर जवळजवळ नाहीशी झाली. मात्र या रचनेत सगळे इंजिन मिळून दर ९० अंशांना नियमित स्फोट होत असला, तरी एका रांगेपुरते पाहिल्यास दोन स्फोटांमधील अंतर कधी ९०, कधी १८०, तर कधी २७० अंश पडते, आणि त्या रांगेच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराचे ठोके असमान येतात. रसिकांना वेड लावणारी ती खर्जातली गुरगुर याच असमानतेतून जन्मते.

तिसरी गोष्ट रूपाची, आणि संग्रहाच्या दृष्टीने तिचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ले अर्ल आणि त्यांचे सहकारी लॉकहीडच्या पी-३८ या दोन शेपट्यांच्या लढाऊ विमानाने प्रभावित झाले होते. त्या प्रभावातून १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांवर लहानसे उंचवटे आले, आणि पुढे त्यांचेच पंख झाले. १९५७ साली व्हर्जिल एक्सनर यांनी क्रायस्लरच्या गाड्यांना उंच, निमुळते पंख देऊन जनरल मोटर्सला मागे टाकले, आणि त्या चढाओढीचा कळस १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये झाला. मात्र पंखांहूनही निर्णायक होती ती दरवर्षी रूप बदलण्याची प्रथा, जी जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी विक्री वाढवण्यासाठी रूढ केली. ग्राहकाला गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटावी एवढाच तिचा हेतू होता. परंतु तिच्यामुळे प्रत्येक वर्षाची गाडी दुरूनही ओळखता येऊ लागली आणि माणसांच्या आठवणी विशिष्ट सालाला चिकटल्या. १९५७ ची शेव्हरोले आणि १९५८ ची शेव्हरोले या संग्राहकाच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि असा भेद दरवर्षी फारसे न बदलणाऱ्या युरोपीय गाड्यांच्या बाबतीत क्वचितच आढळतो.

आकर्षणाच्या जोडीला टिकाऊपणाचा प्रश्न येतो, कारण जी गाडी उरलीच नाही ती कोणी जमवू शकत नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, त्यामुळे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून ऑक्सिजनशी संयोग पावण्याची क्रिया, म्हणजेच गंजणे, अनेक पटींनी वेगाने घडते. त्यातच या गाड्यांच्या पत्र्यांच्या दुहेरी कडांत पाणी साचे. घाईने बाजारात आणलेल्या १९५७ च्या क्रायस्लर गाड्या गंजासाठी कुप्रसिद्ध ठरल्या. ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागात वाढलेल्या गाडीला आजही अधिक भाव येतो तो याच कारणाने. चकाकत्या पट्ट्या आणि बंपर यांचे दुखणे वेगळे असते. पोलादावर तांबे, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा अतिशय पातळ थर विजेच्या साहाय्याने चढवतात. परंतु नक्षीदार भाग पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत, ज्यांत आतून फोड येतात आणि ते दुरुस्त करणे इंजिन दुरुस्त करण्याहून अवघड व महाग पडते. अनुभवी ग्राहक म्हणूनच इंजिनाआधी क्रोमकडे पाहतो.

आता तुलना करता येईल. १९५९ ची कॅडिलॅक एल्डोराडो बिअरिट्झ ही उघड्या टपाची गाडी, ५.७ मीटर लांब, ६.४ लिटरचे ३४५ अश्वशक्तीचे इंजिन असलेली, फक्त १,३२० तयार झाली. त्याच वर्षी, तेच पंख आणि तोच सांगाडा असलेल्या ‘सीरिज ६२’ या स्वस्त मालिकेत उघड्या टपाच्या ११ हजारांहून अधिक गाड्या निघाल्या. दोन्ही गाड्या रस्त्यावर पाहणाऱ्याला जवळजवळ सारखाच आनंद देतात, परंतु बाजार बिअरिट्झला कितीतरी अधिक मोजतो. आणि चार दरवाजांच्या बंद टपाची त्याच वर्षाची कॅडिलॅक तर या दोहोंच्याही बरीच खाली राहते. टप उघडा की बंद आणि दरवाजे दोन की चार, या दोन प्रश्नांवर या वर्गातील गाड्यांचा भाव जितका ठरतो तितका अन्य कशावरही ठरत नाही.

दुर्मीळता मात्र ठरवून निर्माण करता येत नाही, याचा धडा १९७६ च्या एल्डोराडोने दिला. अमेरिकेतील ही शेवटची उघड्या टपाची मोटार असा तिचा गाजावाजा झाला, त्या वर्षी १४ हजार गाड्या विकल्या गेल्या, आणि अनेकांनी त्या न चालवता कापडाखाली झाकून ठेवल्या. इथे गणित चुकले, कारण सर्वांनीच जपलेली वस्तू पुढे सर्वांकडेच असते. शिवाय ८.२ लिटरचे ते अवाढव्य इंजिन जेमतेम १९० अश्वशक्ती देत होते. याच आकारमानाच्या इंजिनाची शक्ती १९७० मध्ये ४०० सांगितली जाई. तिच्यातील काही घट मोजणीची होती, कारण १९७२ पासून शक्ती इंजिनावरची सारी जोडणी धरून मोजू लागले, आणि उरलेली घट प्रदूषणाच्या नियमांसाठी इंजिनाचा दाब कमी केल्यामुळे झाली. १९८४ मध्ये कॅडिलॅकने उघड्या टपाची एल्डोराडो पुन्हा आणली, तेव्हा फसवणूक झाल्याच्या भावनेतून आधीच्या काही ग्राहकांनी कंपनीवर दावाही लावला.

याच्या दुसऱ्या टोकाला १९६५ ची शेव्हरोले इम्पाला उभी आहे. एकाच वर्षात दहा लाखांहून अधिक विकली गेलेली ही गाडी कागदावर मुळीच दुर्मीळ नाही. परंतु लोकांनी ती वापरून, मुलांना देऊन, शेवटी भंगारात घालून संपवली, आणि जपण्याचा विचार कोणी केला नव्हता म्हणूनच चांगल्या स्थितीत उरलेल्या गाडीला आज किंमत आहे. सुटे भाग मुबलक मिळतात हाही तिचा मोठा गुण.

या सर्वांत अभियांत्रिकीच्या निकषावर श्रेष्ठ ठरते ती १९६१ ची लिंकन कॉन्टिनेन्टल. रचनाकार एल्वूड एंगल यांनी फोर्डच्या थंडरबर्ड या मोटारीसाठी मांडलेली ही आकृती फोर्डचे रॉबर्ट मॅक्नमारा यांना इतकी भावली की तिचीच लिंकन करायचे ठरले. पंखांचा लवलेश नाही, बाजू सरळ, मागचे दरवाजे मागच्या बिजागरीवर उघडणारे, आणि लांबी आधीच्या वर्षीच्या लिंकनपेक्षा फूटभराहून कमी. वेगळ्या चौकटीवर बॉडी ठेवण्याऐवजी सारा सांगाडा एकजीव जोडलेला असल्यामुळे ती पोलादी तिजोरीसारखी घट्ट आहे. प्रत्येक गाडी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वी रस्त्यावर सुमारे १९ किलोमीटर चालवून तपासली जाई आणि ग्राहकाला दोन वर्षांची हमी मिळे. चार दरवाजांची उघड्या टपाची लिंकन त्या वर्षी फक्त २,८५७ तयार झाली. तिचा टप घडी घालून डिकीत ठेवणारी, विजेच्या मोटर, रिले आणि तेलाच्या दाबावर चालणारे पंप यांची यंत्रणा इतकी गुंतागुंतीची आहे की ती समजणारा कारागीर हाताशी असल्याखेरीज ती गाडी घेऊ नये. बंद टपाच्या २२ हजारांहून अधिक गाड्या निघाल्या, त्या तुलनेने कमी किमतीत मिळतात, आणि या वर्गातील गाडी ज्याला नियमित चालवायची आहे अशा माणसासाठी तीच सर्वोत्तम निवड आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जुना संबंध आहे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला, आणि सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी केली. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून अशा अनेक गाड्यांची मूळ इंजिने काढून डिझेलची बसवली गेली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो, मात्र तिचा सांगाडा, बाह्यरूप किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा लागतो. ज्यांच्या घरी वा गॅरेजमध्ये अशी गाडी उभी असेल, त्यांनी रंगकामाला हात घालण्यापूर्वी मूळ इंजिन, सांगाड्यावरचा क्रमांक आणि जुनी कागदपत्रे शोधून सांभाळून ठेवावीत; पत्रा आणि रंग पुन्हा करता येतात, हरवलेले मूळ इंजिन पुन्हा मिळत नाही.