पहिल्या लेव्हलचा माणूस आणि चांद्याचं जंगल

रोलप्लेइंग गेमचा संशोधनात काय उपयोग, असं तुमच्यापैकी काही जण विचारता. आज त्यातला एकच मुद्दा घेतो, कारण तो मी चुकून शिकलो: मोहीम सुरू करताना पात्रं किती ताकदवान ठेवायची?

माझा पहिला खेळ पाऊण तासात आटोपला. चंद्रपुरातली एक खोली, चार विद्यार्थी, टेबलावर हाताने काढलेला नकाशा. जुन्या चांद्याच्या गोंड राज्यावर बेतलेलं काल्पनिक राज्य. मला पाहायचं होतं की जंगल सामायिक असेल तर अडचणीच्या वेळी माणसं एकमेकांना कधी विचारतात. आणि मी हौसेने पात्रं कोणती दिली? सेनापती, मांत्रिक, राजकन्या, नेमबाज! वाघ आला, मांत्रिकाने झोपवला. पाणी आटलं, राजकन्येने हुकूम सोडून विहीर खणवली. माझ्या वहीत ‘सल्लामसलत’ या रकान्यात दोन नोंदी. तीन महिन्यांची तयारी होती हो ती.

गंमत म्हणजे या खेळांची मूळ परंपरा अगदी उलटी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, आणि तेव्हापासून पात्र पहिल्या लेव्हलला कच्चंच असतं. १९७८ च्या नियमांत नवख्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशावर ठरायचा, म्हणजे फार तर ४. तलवारीचा वार आठ बाजूंच्या फाशावर. ४ किंवा जास्त पडले की जादूगार आडवा, म्हणजे ८ पैकी ५ वेळा. अशा माणसाला धाडस परवडत नाही. तो आधी विचारतो, ऐकतो, वाट बदलतो. २०१२ च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ने तर शून्य लेव्हलचे शेतकरी, कारागीर दिले, तेही एका खेळाडूला तीन-चार. जो वाचेल तो पुढे नायक.

दुसऱ्या वेळी मी नियम साधे केले. सहा बाजूंचा फासा. येत असलेलं काम ४ किंवा जास्त पडल्यास जमतं. सोबत कोणी मदतीला असेल तर दोन फासे टाकायचे आणि चांगला धरायचा. आता हिशेब करा. एकट्याची शक्यता ५० टक्के, मदतीने ७५. सेनापतीला मात्र २ पडले तरी चालायचे, त्यामुळे त्याची शक्यता एकट्यानेच ८३ टक्के, मदतीने ९७. तो कशाला कोणाच्या दारात जाईल? म्हणजे माझी पात्ररचनाच माझ्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरवून बसली होती. सर्वेक्षणात सूचक प्रश्न विचारू नये हे आपण पाठ करतो, पण खेळात तीच चूक पात्राच्या कागदावर लपून बसते.

नवी पात्रं अशी: मोहफुलं वेचणारी सतरा वर्षांची मुलगी, शिकार न जमणारा शिकाऱ्याचा मुलगा, नुकतीच लग्न होऊन आलेली सून, पायाने अधू गुराखी. प्रत्येकाला जीव ३, एक कसब, एक वस्तू, आणि गावातल्या एकाचं देणं. हे देणं विसरू नका, त्याच्याशिवाय पात्राला गाव नसतं. पहिल्या सत्रात राक्षस नको, राज्य वाचवणं नको. संध्याकाळ झाली, एक शेळी परतली नाही. बस्स. एकाने लगेच विचारलं, “वाघ असन तं?” मग अर्धा तास फक्त बोलणं: शेवटची कोणी पाहिली, टेंभा कोणाकडे, गुराख्याला मागे ठेवायचं का. रकाना भरला.

गावाचा निर्णय सगळे हो म्हणेपर्यंत होत नाही, हा नियम मी गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) वरून घेतला. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि तिथली ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने चालते. टेबलावर हा नियम फार वेळ खातो. खाऊ द्या.

कथानकासाठी लांब जायची गरज नाही. चंद्रपूरच्या स्थापनेची दंतकथाच बघा: खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याच्या मागे ससा लागला, आणि तिथेच किल्ला बांधायचं ठरलं. पहिल्या लेव्हलचा ससा! पण एक पथ्य पाळा. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू या गावप्रमुखाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना तो गेला असं सांगतात. त्याला लोक आजही मानतात. असं दैवत फाशावर आणायचं नाही. काल्पनिक राज्य घ्यायचं ते यासाठीच. तसंच वाघाच्या हल्ल्यात ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरच्यांना “वाघ आला” म्हणून खेळायला बसवू नका. चंद्रपूर जिल्ह्यात ही शक्यता दूरची नाही, बसण्याआधी विचारा.

पद्धत म्हणून वाचायचं तर ऑलिव्हिए बारेतो यांचं सेनेगल नदीच्या खोऱ्यातल्या सिंचनावरचं काम बघा. संगणकावरचं मॉडेल शेतकऱ्यांना उघडून दाखवण्यासाठी त्यांनी रोलप्लेइंग वापरलं. खेळणाऱ्यांचाच अभ्यास हवा असेल तर गॅरी अ‍ॅलन फाइन यांचं १९८३ चं ‘शेअर्ड फॅन्टसी’. दोन्ही वाचताना एक लक्षात ठेवा: टेबलावर केलं म्हणून गावात तसंच करतील असं नाही. म्हणून खेळानंतर निदान अर्धा तास पात्र बाजूला ठेवून बोला आणि तेही नोंदवा. माझ्याकडची सून झालेली मुलगी तेव्हा म्हणाली, “मी गप्प होते ते पात्रामुळे नाही, मी घरी पण गप्पच असते.” ही नोंद फाशातून आली नसती.

अडचण चौथ्या सत्रात आली. पात्रं अनुभवाने तिसऱ्या लेव्हलला पोचली, ३ पडले तरी काम जमू लागलं, आणि सल्लामसलत घसरली. आता मी लेव्हल वाढवतच नाही. शेळी सापडली तर बक्षीस म्हणून ओळख देतो: पलीकडच्या गावातला एक माणूस, जो रात्रीही दार उघडेल. खेळाडू थोडे कुरकुरतात.